तुरीच्या दाण्यातली अक्षरं



या सदरात आपण कधी गटाच्या कर्जाबद्दल बोलतो, कधी शेळीच्या लसीबद्दल, कधी अंगणवाडीच्या आहाराबद्दल. आजचा विषय नावानं जड आहे, पण आहे आपल्या रोजच्या वरणातला. तुरीच्या दाण्यात, दावणीच्या शेळीत आणि तुमच्या-माझ्या अंगात निसर्गानं एक वही लिहून ठेवलेली आहे. ती वही माणसाला वाचता कशी आली, त्याची ही गोष्ट. खरी घडलेली, सालासकट सांगते.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. ही वही कुणा एका हुशार माणसाला वाचता आली नाही. जीव बघणारे लोक वेगळे होते आणि आकडे मोजणारे वेगळे होते. दोघांची भाषा वेगळी, दोघांच्या इमारती वेगळ्या. ते एका सतरंजीवर बसले तेव्हा कुठं वाचन सुरू झालं.

आपल्या विष्णुपुरीचंच बघा. इथं १९८१ साली श्री गुरू गोबिंदसिंगजी यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. त्यात जीवशास्त्राचं संकुल आहे आणि संगणकशास्त्राचंही आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि दवाखानाही इथंच. यंत्र, जीव आणि आजार, तिन्ही शिकवणारी ठिकाणं एका गावात. आपण बसमधून बघतो तेव्हा तीन वेगळी फाटकं दिसतात. आजची गोष्ट त्या फाटकांच्या मधल्या रस्त्याची आहे.

वही म्हणजे नेमकं काय

तुरीचं एक पान घ्या. ते बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक धागा गुंडाळून ठेवलेला असतो. त्या धाग्यावर चारच अक्षरं पुन्हापुन्हा येतात: ए, टी, जी आणि सी. आपल्या बाराखडीपेक्षा किती सोपी! पण या चार अक्षरांच्या क्रमातच सगळं लिहिलेलं असतं. झाड किती वाढणार, फूल कधी येणार, दाणा लाल की पांढरा, रोग आला तर झाड तग धरणार की वाळणार.

या लिखाणातला एक एक ठराव म्हणजे जनुक. आणि सगळे ठराव, त्यांच्या मधली कोरी-भरली पानं धरून पूर्ण वही, म्हणजे जीनोम. करोनाच्या विषाणूची वही जेमतेम ३० हजार अक्षरांची. क्षयाच्या जंतूची सुमारे ४४ लाख. तुरीची सुमारे ८३ कोटी. आणि माणसाची ३०० कोटींच्या वर.

एवढ्या अक्षरांत एखादं इकडचं तिकडं झालं तर काय बिघडतं, असं वाटेल. पुष्कळदा काहीच बिघडत नाही. पण सिकलसेलचा आजार किनवट-माहूरकडच्या बायांना नवा नाही. तिथं रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. तेवढ्यानं गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून ते बदललेलं अक्षर आलं, की लेकराला आयुष्यभराचं दुखणं लागतं. त्यामुळं वही वाचता येणं ही नुसती हौस राहत नाही.

बघणारे आणि मोजणारे

जीवशास्त्राचा माणूस म्हणजे बघणारा. तो झाडाजवळ बसतो, पान खुडतो, दुर्बिणीखाली ठेवतो, पुढच्या हंगामाची वाट बघतो. संगणकाचा माणूस म्हणजे मोजणारा. त्याला पान नको असतं, त्याला आकडे हवेत, नीट रांगेत लावलेले. बघणारा म्हणतो, "जीव आहे तो, रांगेत बसत नसतो." मोजणारा म्हणतो, "मग मला यातून काही सांगता यायचं नाही."

हा पेच आपल्या ओळखीचा आहे. बँकेतला माणूस म्हणतो, रकाने भरून आणा. गटातली बाई म्हणते, माझा धंदा तुमच्या रकान्यात मावत नाही. दोघंही खरं बोलतात. मधे बसून समजावणारं कुणी मिळालं की दोन बैठकांत काम होतं, नाहीतर अर्ज वर्षभर पडून राहतो.

विज्ञानात हे मधे बसण्याचं काम सुरुवातीच्या काळात ज्यांनी केलं, त्यांत एक बाई ठळक आहे. तिचं नाव मार्गारेट डेहॉफ. अमेरिकेतली, १९२५ साली जन्मलेली. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण तिनं संगणक हाती घेतला. तेव्हा संगणक खोलीभर मोठे असत आणि त्यांना माहिती द्यायची ती पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून. शरीरातल्या प्रथिनांची रचना निरनिराळ्या प्रयोगशाळांत एकेक करून उलगडत होती, पण ती विखुरलेली होती. डेहॉफबाईंनी ती एकत्र केली. १९६५ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ६५ प्रथिनांची एक संग्रहवही छापली. प्रथिनाच्या प्रत्येक घटकाला तीन अक्षरी खूण होती, ती त्यांनी एका अक्षरावर आणली, म्हणजे कार्डावर जागा कमी लागेल. ती एका अक्षराची खूण जगभर आजही चालते.

विचार करा, काम काय होतं? विखुरलेल्या नोंदी एका वहीत आणणं, रकाने ठरवणं आणि ती वही सगळ्यांना वापरता येईल अशी ठेवणं. आपल्या गटाची सचिव दर महिन्याला हेच करते. या कामातून पुढं एक नवं शास्त्र उभं राहिलं. त्याला जैवमाहितीशास्त्र म्हणतात.

फाटलेली वही जुळवणं

डीएनए वाचणारी यंत्रं आली, पण त्यांची एक अडचण होती. यंत्र पूर्ण धागा एका दमात वाचत नाही. काही शे अक्षरांचा तुकडा वाचतं, मग दुसरा, मग तिसरा. कोणता तुकडा कुठला, ते सांगत नाही.

असं समजा की गटाची ठराव वही वीस जणींनी जशीच्या तशी उतरवून घेतली. मग विसाच्या वीस वह्या फाडल्या आणि सगळे कपटे एका पोत्यात भरले. आता ते पोतं उलटं करून मूळ वही जुळवायची आहे. कशी जुळवाल? एका कपट्याच्या शेवटी "सर्वानुमते ठरले की सौ." एवढं आहे. दुसऱ्या कपट्याच्या सुरुवातीला "ठरले की सौ. यांना कर्ज" असं आहे. मधले शब्द दोन्हींत सारखे, म्हणजे हे दोन कपटे एकमेकांना लागून आहेत. वीस प्रती वेगवेगळ्या जागी फाटल्या म्हणूनच हे जमतं. कपटे पाच-पन्नास असतील तर आपण ओसरीवर बसून जुळवू. कोट्यवधी असतील तर संगणकच पाहिजे.

माणसाची वही वाचायचं जागतिक काम १९९० साली सुरू झालं. अमेरिका, इंग्लंड, जपान, फ्रान्स, जर्मनी आणि चीन या देशांतल्या प्रयोगशाळा त्यात होत्या. भारत त्यात नव्हता. पुढं एक खाजगी कंपनीही त्याच कामात उतरली. सरकारी पैशातून वाचलेली वही सगळ्यांसाठी खुली राहणार होती. कंपनी मात्र आपली वही पैसे घेऊन दाखवणार होती. २००० साल उजाडलं तेव्हा खुल्या बाजूकडं सुमारे ४ लाख तुकडे होते, पण ते जुळलेले नव्हते.

तेव्हा कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात डेव्हिड हॉसलर नावाचे संगणकाचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडं जिम केंट नावाचा विद्यार्थी होता. विद्यार्थी म्हणजे तरुण पोरगा नव्हे, चाळिशीला टेकलेला माणूस. आधी बरीच वर्षं त्यानं संगणकावर हलती चित्रं करायचे प्रोग्राम लिहिले होते आणि मग तो जीवशास्त्र शिकायला आला होता. म्हणजे बघणारा आणि मोजणारा एकाच डोक्यात! त्यानं सुमारे चार आठवडे रात्रंदिवस बसून जुळणीचा प्रोग्राम लिहिला. मनगटं इतकी दुखायची की रात्री बर्फानं शेकावी लागायची. विद्यापीठातले शंभर साधे संगणक एकमेकांना जोडले आणि २२ जून २००० ला जुळणी झाली. कंपनीची जुळणी त्यानंतर तीन दिवसांनी झाली. ७ जुलैला ती वही कुणालाही फुकट बघता येईल अशी ठेवली गेली. बारीकसारीक दुरुस्त्या करून ते काम २००३ साली पूर्ण झालं, असं जाहीर झालं. तरी काही अवघड जागा राहिल्या होत्या, त्या २०२२ पर्यंत भरत गेल्या.

पुण्यात काय चाललं होतं

आता आपल्या राज्यात येऊ. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं १९८६-८७ साली ठरवलं की देशात ठिकठिकाणी अशी केंद्रं काढायची, जिथं जीवशास्त्राची माहिती संगणकावर ठेवली आणि तपासली जाईल. तेव्हा आपल्याकडं संगणक म्हणजे काय हेच फार थोड्यांना माहीत होतं. त्यातलं एक केंद्र १९८७ साली पुणे विद्यापीठात सुरू झालं. डॉ. अशोक कोळस्कर यांनी ते उभं केलं. पुढं ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९९० साली कोळस्कर आणि तोंगांवकर यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. एखाद्या जंतूच्या प्रथिनाची नुसती अक्षरं बघून, त्यातला कोणता भाग आपल्या शरीराच्या राखणदारांच्या नजरेत भरेल, याचा अंदाज ती पद्धत सांगते. लस करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. आधी प्रत्येक भाग प्रयोगशाळेत तपासावा लागे. आता गणित करून निवडक भाग पुढं काढता येतात, मग तेवढेच तपासायचे. दोन मराठी आडनावं लागलेली ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत अजूनही वापरतात.

त्याच पुण्यात दुसरी गोष्ट घडत होती. भारताला मोठा महासंगणक हवा होता आणि अमेरिका हवा तसा द्यायला तयार नव्हती. मग १९८८ साली सी-डॅक ही संस्था पुण्यात निघाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ साली त्यांच्या चमूनं परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्याची युक्ती साधी होती. एक राक्षसी यंत्र करण्यापेक्षा पुष्कळ लहान यंत्रं जोडायची आणि काम वाटून द्यायचं. इर्जिकीसारखं. एकाच्या रानात सगळ्या गावची औतं.

हवामानासाठी जशी ती यंत्रं लागली, तशी पुढं जीनोमसाठीही लागली. सी-डॅकमध्ये जीवशास्त्रासाठी वेगळा गट आणि वेगळे संगणक आले. विद्यापीठातला जीवशास्त्राचा माणूस पुण्यात बसून किंवा दूरच्या गावातून आपलं काम त्या यंत्रांवर पाठवू लागला.

असंच एक काम क्षयाचं. त्या जंतूची वही १९९८ सालीच वाचून झाली होती. पण सुमारे ४ हजार जनुकांपैकी पुष्कळ जनुकं करतात काय, हे नीट लिहिलेलं नव्हतं. भारताच्या सीएसआयआर या संस्थेनं २०१० साली देशभरच्या शेकडो विद्यार्थ्यांना संगणकावरून जोडून घेतलं आणि एकेका जनुकाची माहिती गोळा करून लिहायला लावली. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नव्हती. लागत होता एक संगणक, जीवशास्त्राचं वाचन आणि चिकाटी.

आणि करोना तर आपण भोगलाच. डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या प्रयोगशाळांचं एक जाळं विणलं गेलं, इन्साकॉग नावाचं. नमुन्यांतल्या विषाणूची वही वाचायची आणि अक्षर कुठं बदललं ते बघायचं. ज्याला पुढं डेल्टा म्हटलं गेलं, तो बदललेला विषाणू वाढताना दिसला त्यात महाराष्ट्रातले नमुनेही होते. नळीत नमुना भरणारी नर्स, यंत्र चालवणारी मुलगी आणि संगणकावर अक्षरं ताडून बघणारी मुलगी, तिघींपैकी एक जरी नसती तरी तो दिसला नसता.

अनाथ तूर

आता आपल्या तुरीकडं येते. शास्त्रज्ञ काही पिकांना "अनाथ पिकं" म्हणतात. शब्द कडू आहे, पण खरा आहे. गहू, मका, सोयाबीन ही श्रीमंत देशांची पिकं, त्यांच्यावर संशोधनाला पैसा मिळतो. तूर खातो कोण? मुख्यतः आपण. जगातली बहुतेक तूर भारतातच पिकते आणि भारतातच शिजते. पिकवतो कोण? कोरडवाहू रानवाला. लातूरच्या डाळ गिरण्या चालतात त्या याच दाण्यावर, पण या दाण्याची वही वाचायला कुणी पुढं येत नव्हतं.

उमरग्याहून जहीराबादमार्गे हैदराबादला निघालं की शहराच्या अलीकडं पटनचेरू लागतं. तिथं इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९७२ सालची. तिथल्या राजीव वार्ष्णेय यांच्या चमूनं भारत, चीन, अमेरिका अशा देशांतले लोक जोडून तुरीची वही वाचायला घेतली. दुसरीकडं दिल्लीत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेत नागेंद्र कुमार सिंह यांच्या चमूनं तेच काम घेतलं. दोन्ही चमूंनी वाण एकच निवडला, त्याचं नाव "आशा". मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारा हा वाण. २०११ साली दोन्ही कामं प्रसिद्ध झाली.

इक्रिसॅटच्या चमूनं यंत्रातून २३,७२० कोटी अक्षरांचे तुकडे काढले. म्हणजे ८३ कोटींची वही जणू अडीचशेपेक्षा जास्त वेळा फाडून पोत्यात भरली. जुळवता जुळवता सुमारे ६० कोटी ५८ लाख अक्षरं जागेवर बसली. वहीचा जवळजवळ पाऊण भाग. त्यांच्या हिशोबानं तुरीत ४८,६८० जनुकं निघाली. दिल्लीच्या चमूनं मोजली ती ४७,००४.

आता तुम्ही विचाराल, एकाच आशा तुरीचे दोन आकडे कसे? तर हे पैसेवारीसारखं आहे. उभं पीक बघून दोन जाणते माणसं अंदाज काढतात, तो सारखा येत नाही. कोणती अक्षरं म्हणजे जनुक आणि कोणती नुसती मधली पानं, हे संगणक काही खुणांवरून ठरवतो. खुणा थोड्या वेगळ्या धरल्या की आकडा बदलतो. खरं काय ते प्रयोगशाळेत आणि रानात तपासल्यावरच पक्कं होतं. म्हणून संगणकानं सांगितलं एवढ्यावर कुणी शहाणा शास्त्रज्ञ थांबत नाही.

दिल्लीच्या चमूला रोगाशी झुंजण्याशी संबंधित १,२१३ जनुकं दिसली आणि पाणी कमी पडणं, ऊन, खार अशा ताणाशी संबंधित १५२. आपण म्हणतोच ना, तूर चिवट आहे, पाऊस गेला तरी धरून राहते. तो चिवटपणा कुठं लिहिलेला असू शकतो, त्या पानांवर पहिल्यांदाच खूण झाली.

इथं एक गैरसमज दूर करते. वही वाचणं म्हणजे वही बदलणं नव्हे. तुरीचं बीटी झालं, असा याचा अर्थ नाही. फायदा निवड करताना होतो. पूर्वी रोगाला तोंड देणारं झाड निवडायचं तर रोगट रानात पेरायचं, सहा-सात महिने थांबायचं आणि कोणतं झाड जगलं ते बघायचं. असं वर्षानुवर्षं. आता हव्या त्या गुणाची खूण सापडली असेल तर रोपाचं पान खुडून तपासता येतं आणि नको ती रोपं लवकर बाजूला काढता येतात. रानातली परीक्षा तरीही द्यावीच लागते, पण तिथवर जाणारी रोपं निवडून गेलेली असतात.

वांझ रोगाची गोष्ट

मर रोग सगळ्यांना माहीत आहे, उभी तूर वाळते. दुसरा तो वांझ रोग. झाड हिरवंगार राहतं, झुडपासारखं माजतं, पण फूल धरत नाही. १९३१ साली बिहारमधल्या पुसा इथं या रोगाची पहिली नोंद झाली. अगदी बारीक कोळी तो पसरवतो, हेही पुढं कळलं. पण कोळी नेमकं आणतो काय, हे हाती लागायला जवळपास सत्तर वर्षं गेली. २००० सालाच्या सुमारास इक्रिसॅट आणि स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तो एक विषाणू आहे. नंतर त्या विषाणूचीही वही वाचून झाली.

सत्तर वर्षं झाडाला वांझ म्हणत राहिलो. दोष झाडाचा नव्हता, बाहेरून आलेल्या एका विषाणूचा होता आणि तो उघड्या डोळ्यांना दिसत नव्हता. हा शब्द बाईला लावला जातो तेव्हा काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. नीट तपासल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नये, एवढं तरी या तुरीकडून शिकावं.

आणि हे बघा. तो विषाणू सापडण्याच्या आधीच आपल्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रानं बीएसएमआर ७३६ सारखे वांझ रोगाला टिकणारे वाण दिले होते. कशाच्या जोरावर? रानात उभं राहून, झाडामागून झाड बघून. बघणाऱ्याची नजर मोजणाऱ्याच्या आधी पोचली होती. म्हणून मी म्हणते, संगणक आला म्हणून नजर जुनी होत नाही.

आपला वाटा

२०१७ साली तुरीच्या २९२ वाणांच्या वह्या एकमेकींशी ताडून बघितल्या गेल्या. त्यात सुधारित वाण होते, गावरान होते आणि रानटी भाऊबंदही होते. नुसत्या अक्षरांवरून काही कळलं नसतं. कोणत्या वाणाला फूल किती दिवसांनी येतं, दाणा किती भरतो, झाड किती उंच जातं, हे रानात मोजून लिहिलेलं होतं. अक्षरं एका बाजूला आणि रानातली नोंद दुसऱ्या बाजूला ठेवली, तेव्हा कोणतं अक्षर काय करतं याचा माग लागला.

आता हे गावरान वाण आले कुठून? इक्रिसॅटच्या बियाणे पेढीत तुरीचे १३ हजारांहून जास्त नमुने जपलेले आहेत. त्यातले पुष्कळ गावोगावच्या शेतकऱ्यांकडून गोळा केलेले. आणि घरात बियाणं कोण राखतं? राख लावून, कडुलिंबाचा पाला घालून, उन्हं दाखवून, कोणत्या शेंगेचं बी ठेवायचं ते निवडून? वहीची पानं आपल्या आज्या-पणज्यांनी मडक्यात जपली, म्हणून आज ती यंत्राला वाचायला मिळाली. पण नमुन्याच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव क्वचितच लागलं.

यासाठी आपल्या हातात काय आहे? पहिलं, कायदा. २००१ साली वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. आपण राखलेलं बी पेरायचा, वाटायचा, देण्याघेण्याचा आणि विकायचा हक्क त्यात आहे. फक्त छापाच्या पिशवीत दुसऱ्याच्या नावानं विकता येत नाही. आपला गावरान वाण शेतकऱ्यांचा वाण म्हणून नोंदवताही येतो आणि त्याला शेतकऱ्याकडून फी घेत नाहीत. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, घरचं बियाणं जपण्यासाठी.

दुसरं, वही. तुमच्या गावात एखादीकडं जुनी तूर असेल, लवकर येणारी, वरणाला गोड लागणारी, वाळवीच्या रानातही टिकणारी, तर गटाच्या बैठकीत तिची नोंद करा. बी कुणाकडून आलं, कधी पेरलं, किती दिवसांत फुलली, कोणता रोग आला, कोणत्या बाईनं राखलं. नाव, गाव, साल. शास्त्रज्ञ नमुना मागायला आले तर ही वही दाखवा आणि आमचं नाव लिहा म्हणा. आपली नोंद असेल तर आपण माहिती देणाऱ्या राहत नाही, कामातल्या भागीदार होतो.

आणि तिसरं, आपल्या लेकी. आपला लातूर-नांदेडचा भाग म्हणजे शिकवणीचा भाग. पोरगी हुशार निघाली की डॉक्टर करायचं, म्हणून अकरावीत जीवशास्त्र घ्यायचं आणि नको ते ओझं म्हणून गणित सोडायचं. मग नीटमध्ये थोडे गुण कमी पडले की घरात सुतक. पोरगी म्हणते माझं संपलं, बाप म्हणतो आता स्थळ बघू. मैत्रिणींनो, तिथं काही संपत नाही. जीवशास्त्र कळणारी आणि आकड्यांना न भिणारी मुलगी आज प्रयोगशाळेला, कृषी विद्यापीठाला, दवाखान्याला हवी आहे. भारतानं स्वतःच्या १० हजार माणसांच्या वह्या वाचायचं काम २०२० साली घेतलं, वीस संस्था त्यात होत्या, आणि ती माहिती ९ जानेवारी २०२५ ला संशोधनासाठी खुली झाली. ती वाचायला हात लागणार आहेत. त्यात आपल्या भागाच्या पोरी का नसाव्यात?

म्हणून अकरावीचा अर्ज भरताना पोरीला जमत असेल तर जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवू द्या. सोडलं असेल तरी पदवीला संगणक शिकता येतो. बारावीनंतर नुसतं "कुठं नंबर लागतो" एवढं विचारू नका. विष्णुपुरीच्या विद्यापीठात जाऊन विचारा, जीवशास्त्र आणि संगणक दोन्ही जोडून काय शिकता येतं. विचारायला पैसे लागत नाहीत. एकटीला संकोच वाटला तर गटातल्या चौघी मिळून जा. कर्जासाठी बँकेत जसं चौघींनी गेलो होतो, तसं.

डेहॉफबाईंनी विखुरलेल्या नोंदी एका वहीत आणल्या. केंटनं फाटलेले तुकडे जुळवले. बदनापूरच्या रानात कुणीतरी झाडामागून झाड बघितलं. आपल्या आजीनं मूठभर तूर मडक्यात राखली. यातलं एकही काम दुसऱ्यावाचून पुरं झालं नसतं. पुढच्या बैठकीला येताना घरच्या बियाण्याची एक एक मूठ सोबत आणा, आपण आपली वही तिथूनच सुरू करू.